ब्लोअर, ‘रजिस्टर’ आणि नाना पेठ

गाडीतला पंखा, म्हणजे एसीची हवा आत ढकलणारा ब्लोअर, बंद पडला ६ जूनला आणि नीट झाला २४ जूनला. मधल्या अठरा दिवसांत एक पार्ट दोनदा बदलला, एकदा ताम्हिणी घाटात घाम फुटला आणि पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात, मी पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी विकत घेतलं. त्या वेळी नेटवर शोधलं तर मिळालं ते सगळं परदेशी गाड्यांचं, नाहीतर ‘जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या’ असं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

गाडी २०१३ सालची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. मधलं मॉडेल, म्हणजे एसीला स्क्रीन वगैरे नाही, तीन गोल खटके: एक थंड-गरमचा, एक हवा कुठे सोडायची त्याचा आणि एक पंख्याचा, शून्य ते चार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बारा वर्षांच्या गाडीचा पंखा गेला, यात कंपनीला काय बोल लावायचा.

तर ६ जून २०२५, शुक्रवार. ऑफिसातून येताना सिंहगड रोडच्या नेहमीच्या रांगेत उभी होते. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच पुण्यात येऊन थडकलेला, त्यामुळे काचा सतत ओल्या. पंखा दोनवर होता, तो गप्प झाला. तीनवर नेला, गप्प. एकवर, गप्प. चारवर नेला तर भस्सकन सुरू! बरं वाटलं. चारवर तर चालतोय ना, मग बघू नंतर, म्हणून चार दिवस तशीच फिरवली. चारवर आवाज इतका की फोनवर बोलणारी माणसं विचारायची, ‘विमानतळावर आहेस का?’

वटपौर्णिमेला, १० जूनला, सुट्टी टाकली होती. गाडी घेऊन आमच्या भागातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. पत्र्याची शेड, बाहेर बॅटऱ्यांची रांग. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी खटका एकदा शून्यापासून चारपर्यंत फिरवला आणि गाडीत न बसताच म्हणाले, “ताई, रजिस्टर गेलंय.” मला वाटलं त्यांची हिशेबाची वही हरवली.

रजिस्टर म्हणजे रेझिस्टर. गॅरेजमध्ये कोणी ‘रजिस्टर’ म्हणतं, कोणी ‘रेजिस्टन्स’. काकांनी समजावलं ते असं: आपल्या लहानपणी छताच्या पंख्याला भिंतीवर तो मोठा खोक्यासारखा रेग्युलेटर असायचा, हात लावला की गरम लागायचा, आठवतोय? तेच हे. पंखा चारवर असला की मोटरला थेट करंट जातो. एक, दोन, तीनवर असला की करंट वाटेत रेझिस्टरच्या तारांमधून जातो, तिथे थोडा अडतो, म्हणून पंखा हळू फिरतो. अडवलेल्याची उष्णता होते. म्हणून हा पार्ट पंख्याच्या हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, पंख्याचाच वारा त्याला गार ठेवतो. त्याची तार तुटली किंवा त्यावरचा उष्णतेचा फ्यूज उडाला की खालचे वेग जातात आणि चार तेवढा राहतो. तेव्हा तुमचाही पंखा ‘फक्त चारवर’ चालत असेल, तर मोटर शाबूत आहे असं धरून सुरुवात करायला हरकत नाही. ‘शाबूत’ या शब्दाकडे मी पुढे परत येणार आहे.

रेझिस्टर ४५० रुपये, मजुरी ३००. डावीकडच्या कप्प्याखाली, पाय ठेवतो तिथे, दोन स्क्रू. चाळीस मिनिटांत काम झालं. जुना हातात घेतला: तळहातात मावेल एवढी पट्टी, तिच्यावर स्प्रिंगसारख्या तीन तारा, एक तुटलेली, आणि तारांत अडकलेलं काळपट कापसासारखं काहीतरी. निघताना काका म्हणाले, “मोटर थोडी जड वाटतेय. एकदा काढून बघायला पाहिजे.” मी म्हटलं, पुढच्या वेळी. घरी वडाची पूजा राहिली होती. ही माझी चूक, ती मी लपवत नाही.

१४ तारखेला, शनिवारी, आईला भेटायला माणगावला गेले. जाताना सगळं ठीक. येताना, रविवारी दुपारी, ताम्हिणी चढताना पाऊस असा की वायपर नुसतेच हात हलवत होते. पंखा तीनवर, हवा काचेवर. डोंगरवाडीच्या अलीकडे वास आला. प्लॅस्टिकच्या हॅण्डलचं भांडं गॅसच्या ज्योतीकडे झुकलं की येतो तसा. मी खटका चारवर नेला, दोन-तीन मिनिटं चालला, मग घर्र करून तोही थांबला.

काच आतून धूसर व्हायला किती वेळ लागतो? मी सांगते, एका वळणाएवढा. गाडीत आम्ही तिघं, ओल्या छत्र्या, आईने दिलेल्या फणसाच्या गऱ्यांचा डबा. आपल्या श्वासातली वाफ गार काचेवर बसते, आणि ती सुकवणारी हवाच बंद. मुलगा पुढे बसून रुमालाने माझ्यासमोरची काच पुसत होता. पुसलेला भाग त्याचा हात बाजूला होईपर्यंत परत पांढरा. इंडिकेटर दाखवत, रांगत रांगत, कणसाच्या टपरीपाशी थांबलो.

तिथे एक पिकअपवाला चहा पीत होता. काय झालं विचारलं, दार उघडून खाली वाकला, डाव्या कप्प्याखालच्या गोल डब्यावर मुठीने दोन ठोसे मारले आणि मला म्हणाला, “चारवर टाका.” पंखा सुरू! म्हणाला, “कार्बन गेलेत तुमच्या मोटरचे. घाट उतरेपर्यंत चालेल, नाही चालला तर परत ठोका. आणि काचा दोन-दोन बोटं खाली घ्या, भिजलात तर भिजा.” कार्बन म्हणजे मोटरच्या आतले ब्रश, ते झिजले की करंट कधी पोचतो, कधी नाही. ठोकल्यावर सुरू झाला तर दोष मोटरमध्ये, ही चाचणी मला तिथे, भर पावसात, फुकट मिळाली. एसी मात्र त्याने बंद करायला सांगितला. पंखा बंद असताना एसी चालू राहिला तर कूलिंग कॉइलवरून हवाच जात नाही आणि कॉइल गोठून बसते.

मुळशीपर्यंत मुलाने सहा वेळा ठोसे मारले. सातव्यांदा पंखा उठला नाही. पण तोवर पाऊस कमी झाला होता. धायरीला पोचलो तेव्हा माझा उजवा खांदा आणि बाही पिळून काढावी अशी.

आता मात्र मी घाबरून सरळ अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. सोमवारी फोन, बुधवारची, १८ जूनची, वेळ. पावसाळ्यात दोन दिवसांत मिळाली हेच नशीब, असं पलीकडच्या मुलीने सांगितलं.

तिथला अनुभव वाईट नव्हता, पण लिहिण्यासारखा आहे. जॉब कार्डवर ॲडव्हायझरने टाइप केलं: ‘एसी नॉट वर्किंग’. मी म्हटलं, एसी नाही, पंखा. थंडावा आहे, वाराच नाही. हा फरक कार्डावर लिहून घ्या बरं का. ‘एसी चालत नाही’ असं लिहिलं की तपासणी गॅसपासून सुरू होते, आणि मला खरोखरच आधी गॅस आणि कॉइल सफाईचं एक पॅकेज सुचवलं गेलं. मी कार्डावर हाताने लिहिलं: ‘१० जूनला रेझिस्टर बदलला, १५ला जळाल्याचा वास, त्यानंतर चारही वेग बंद, ठोकल्यावर थोडा वेळ चालतो. अंदाजपत्रक मान्य केल्याशिवाय काम करू नये.’ मग सही केली.

दुपारी चारला व्हॉट्सॲपवर अंदाजपत्रक आलं. ब्लोअर मोटर पंख्यासकट ५,८९०, रेझिस्टर आणि वायरिंगचा तुकडा १,४२०, मजुरी जीएसटीसकट २,१२४. एकूण ९,४३४. पार्ट स्टॉकमध्ये नाही, मागवायला आठ ते दहा दिवस, त्यासाठी ४,००० आगाऊ. नुसत्या तपासणीचे ५०० अधिक जीएसटी, ५९०; काम केलं तर ते माफ, नाही केलं तर भरायचे. हे ५९० आधी विचारून घ्यावेत, मी विचारले नव्हते.

पैशांपेक्षा दहा दिवस जड वाटले. आणि अंदाजपत्रकात कुठेच नव्हतं की नवाकोरा रेझिस्टर पाच दिवसांत का जळाला. मी ॲडव्हायझरला विचारलं. तो म्हणाला, “लोकल पार्ट असेल मॅडम.” असेलही. पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. ५९० भरले, ‘ग्राहकाने काम नाकारले’ अशा रकान्यात सही केली, आणि परत काकांकडे.

काकांनी डोळ्यांनी ‘सांगितलं होतं ना’ म्हटलं, तोंडाने नाही. शनिवारी, २१ला, मोटर काढून देतो म्हणाले. नमुना घेऊन नाना पेठेतून नवी आणा. “मीच आणली असती, पण आता दोन दिवस तिकडे गाडी काय, सायकल जायची नाही.” खरंच होतं. २० जूनला दोन्ही पालख्या पुण्यात आल्या होत्या. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत, तुकोबांचा नाना पेठेतच, निवडुंग्या विठोबाच्या देवळात. स्पेअर पार्टचं पुण्यातलं मोठं मार्केट आणि तुकोबांचा मुक्काम एकाच पेठेत. २२ला, रविवारी सकाळी, पालख्या निघेपर्यंत थांबण्याला इलाज नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल तक्रार करायची इच्छाही नव्हती.

शनिवारी मोटर काढताना मी शेजारी पाटावर बसले होते. कप्पा काढला. मागे काळा गोल डबा. तीन स्क्रू, एक कपलर (वायरचा जोड), डबा खाली आला. पंखा म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचा पात्यांचा पंखा नाही. ढोलकीएवढं नळकांडं, कडेला उभ्या बारीक पट्ट्या. त्या पट्ट्यांमध्ये काय काय होतं! कडुनिंबाची पानं, वाळून जाळी झालेली. गुलमोहराच्या पाकळ्या, तपकिरी कागद झालेल्या. शेंगदाण्याची टरफलं. आणि गोधडीच्या कापसाचा एक छान गुंडाळलेला गोळा, म्हणजे कधीतरी तिथे उंदराचं बाळंतपण झालेलं. रेझिस्टरवरचा तो काळपट कापूस कुठून आला ते कळलं. काका बोटाने पंखा फिरवायला गेले तर अर्धा फेरा होऊन अडला. “हे बघा. ह्याचा बुश आवळलाय. मोटर जड फिरते, करंट जास्त ओढते, तो सगळा रजिस्टरमधून जातो. वर कचऱ्याने वारा कमी. रजिस्टर बिचारं दोन्हीकडून भाजतं.” बुश म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी.

म्हणजे १० जूनला आम्ही जळालेला पार्ट बदलला होता. जाळणारा तसाच ठेवला होता.

मुलाने विचारलं, मग फ्यूज का नाही उडाला? मलाही तेच वाटत होतं. फ्यूज ३० अँपिअरचा. मोटर जास्त ओढत होती, पण तीसच्या आत. रेझिस्टर आणि त्याचा कपलर तापून वितळायला तेवढं पुरतं, फ्यूजला नाही. तेव्हा फ्यूज शाबूत आहे म्हणून निर्धास्त राहू नये, आणि कोणी ‘मोठा फ्यूज टाकू’ म्हणालं तर गाडी परत घेऊन यावं.

बारा वर्षं गाडी वापरून मला माहीत नव्हतं असं आणखी एक: आमच्या मॉडेलला केबिन फिल्टरच, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, नाही. फिल्टरची जागा आहे, झाकण आहे, आत पोकळ. वरच्या मॉडेलला कंपनीतून येतो, आमच्याला नाही. काचेखालच्या जाळीतून जे येईल ते थेट पंख्यावर. तुमच्या गाडीचं झाकण एकदा उघडून बघा. बहुतेक गाड्यांत कप्पा काढला की मागे दिसतं.

सोमवारी, २३ला, अर्धी रजा. पीएमपीच्या बसने स्वारगेट, तिथून रिक्षा. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोटर. पेठेतले रस्ते धुतलेले होते, तरी फुटपाथच्या कडेला तुळशीची पानं चिकटलेली. दुकानं अरुंद, खोल, छतापर्यंत खोके. मी पहिल्या दुकानात गाडीचं नाव, साल, पेट्रोल, सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. काउंटरवरच्या चाचांनी हात पुढे केला. “नमुना है ना? फिर बोलना क्यों.” नमुना बघून त्यांनी तीन खोके मांडले. कंपनीचं लेबल असलेला, ५,२००. कंपनीलाच माल पुरवणाऱ्याचा, पण स्वतःच्या खोक्यात, २,६५०. आणि बिननावाचा, १,४५०. पुढच्या दोन दुकानांत विचारलं, शे-दीडशेचा फरक. परत पहिल्याकडे आले.

मधला घेतला. घेताना तीन गोष्टी काकांनी सांगितल्या होत्या: कपलर जुन्याशी जुळतो का, पंख्याच्या पट्ट्यांचा कल त्याच बाजूला आहे का, आणि काउंटरवर बॅटरी लावून फिरवून बघा. कल उलटा असेल तर पंखा फिरतो पण हवा ढकलत नाही. चाचांकडे काउंटरखाली बॅटरी तयारच होती. नवी मोटर हातात धरली आणि त्यांनी वायर टेकवली, तर मनगटाला हिसका बसला. आवाज मात्र जवळजवळ नाही. फिरवून का बघायची ते भिंतीवर लिहिलेलं होतं: ‘इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नाही. परत घेतला जाणार नाही.’

बिल मागितलं तर त्यांनी एकदा बघितलं आणि छापून दिलं. तेव्हा सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे २,६५० मधले जवळजवळ ५८० रुपये कराचेच. २२ सप्टेंबरपासून तो १८ टक्के झाला. माझी मोटर तेवढी घाईची निघाली. तिथेच लेबलवाला रेझिस्टर ९०० ला, वायरसकट कपलर १५० ला, आणि ट्रे-सकट केबिन फिल्टर २८० ला घेतला.

२४ला, मंगळवारी, काकांकडे अडीच तास. त्यातला जास्त वेळ वितळलेला कपलर कापून नवा जोडण्यात गेला. वायर नुसती पिळून टेप मारू नका, एवढं मी अडाण्यासारखं पण ठामपणे सांगितलं. त्यांनी सोल्डरचा डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. हवेच्या डक्टमध्ये हात घालून कचरा काढला, व्हॅक्यूम मारला. मग जुनी मोटर मुद्दाम एकदा बॅटरीवर लावून, ठोकून जागी केली आणि वायरभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला: २१ अँपिअर. नवी, गाडीत बसवून, चारवर: १३. मुलाने दोन्ही आकड्यांचे फोटो काढले. मजुरी ९००.

हिशेब: पहिल्या वेळचे ७५०, तपासणीचे ५९०, नाना पेठेत ३,९८०, मजुरी ९००. एकूण ६,२२०. बस, रिक्षा आणि दीड दिवसाची रजा वेगळी. पहिल्याच दिवशी मोटर उतरवून साफ केली असती तर ती वाचली असती का, असं काकांना विचारलं. ते म्हणाले, “बुश गेलेला होता ताई. पण रजिस्टरचे साडेचारशे वाचले असते.”

हे सगळं खटक्याच्या, साध्या एसीच्या गाडीचं आहे. ज्यांच्या गाडीत तापमानाचा आकडा टाकला की पंखा आपोआप कमी-जास्त होतो, तिथे असला तारांचा रेझिस्टर नसतो, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. तिथे ‘फक्त चारवर चालतो’ हे लक्षण शोधत बसू नका.

दोन गोष्टी मला नंतर कळल्या. पावसात काच आतून धूसर झाली तर एसी चालू, हवा काचेवर, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येऊ द्यायची. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून गार हवेनेही काच साफ होते. आणि फार गार केलं तर काच बाहेरून धूसर होते. तेव्हा आतून पुसत बसू नका, वायपर मारा. मी ऑगस्टमध्ये पिरंगुटजवळ दहा मिनिटं आतून पुसत होते.

डिसेंबरात भल्या पहाटे माणगावला निघालो तेव्हा बारा वर्षांत बहुधा तिसऱ्यांदा हीटर लावला. त्याची ऊब इंजिनच्या गरम पाण्याची, पण आत आणणारा पंखा तोच. जूनमध्ये हीटरही मेलेलाच होता, फक्त आम्हाला ते कळायचं कारण नव्हतं. पंखा एकवर, गाडीत शांतता, आणि त्या शांततेत डावीकडून टिक्, टिक्, टिक्. काकांना फोन केला. म्हणाले, कुठलं तरी पान राहिलं असेल डक्टमध्ये, निघेल आपोआप, नाही निघालं तर आणा, त्याचे पैसे घेणार नाही. अजून गेले नाहीये. दोनवर ठेवलं की ऐकू येत नाही.